बारा वस्तू, तीन काप: लोखंडाचा नमुना काढण्याचे एक प्रकरण

नागपुरातल्या एका संग्रहाकडे आलेला अर्ज एका पानाचा होता. महापाषाणीय (दगडांची वर्तुळे रचून दफन करणाऱ्या लोहयुगीन लोकांच्या) वस्तूंचे ३१ नमुने मागितले होते: लोखंडी वस्तू १२, घोड्याच्या तांब्याच्या अलंकारांचे तुकडे ६, खापरे १०, माणसाचे दात २ आणि कोळशाची १ पुडी. उद्देशाच्या रकान्यात ‘रासायनिक विश्लेषण व कालनिश्चिती’ एवढेच होते. नमुन्याच्या रकान्यात सगळ्यांसमोर एकच आकडा: ‘प्रत्येकी १ ग्रॅम’.

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. संग्रह, अर्जदार आणि वस्तूंची संख्या कल्पित आहे. पद्धती, मोजमापे आणि चुका मात्र कल्पित नाहीत.

त्या ‘प्रत्येकी १ ग्रॅम’ने अर्जाची सगळी कथा सांगितली. तांब्याच्या पातळ पत्र्यातून एक ग्रॅम काढला तर पत्र्याचा मोठा भागच जाईल. खापराच्या रंध्रांत मुरलेली चरबी शोधायची तर एक ग्रॅम अपुरा पडू शकतो. लोखंडाच्या सूक्ष्मरचनेसाठी (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या धातूच्या आतल्या रचनेसाठी) तर वजनाला अर्थच नाही, काप कुठून आणि कोणत्या दिशेने घेतला यालाच आहे. जिथे सगळ्यांना एकच माप लागते तिथे प्रश्न अजून ठरलेला नाही, असे खुशाल समजावे.

नागपूरच्या आसपासची ही सामग्री साधी नाही. काटोल रस्त्यावरचे जुनापाणी, मणी घडवणाऱ्या कारागिरांचे माहुरझरी, पेंच नदीकाठी लोखंड गाळण्याची भट्टी मिळालेले नैकुंड, टाकळघाट-खापा, भागीमोहारी, रायपूर. शिलावर्तुळांची एवढी दाटी फार कमी ठिकाणी आहे. जुनापाणीला ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने एकोणिसाव्या शतकातच खोदून पाहिले. माहुरझरी आणि नैकुंडची शिस्तशीर उत्खनने पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात केली. म्हणजे आज कपाटात असलेली कुऱ्हाड ज्या वर्तुळातून निघाली, ते वर्तुळ आता पुन्हा खोदता येत नाही. त्या कुऱ्हाडीवर फिरणारी करवत हे एका अर्थाने उत्खननच असते, आणि त्यालाही तोच नियम लागू होतो: एकदा काढले की परत ठेवता येत नाही.

समितीने (अभिरक्षक, रासायनिक संवर्धक, एक पुरातत्त्वज्ञ, एक धातुशास्त्रज्ञ) अर्ज परत पाठवला नाही. अर्जदाराला समोर बसवून प्रश्न लिहून घेतले. चार निघाले. कुऱ्हाडीची धार मुद्दाम पोलादी केली होती का, आणि तिला पाणी पाजले (तापवून एकदम थंड करून कडक केले) होते का? तांब्यात कथील होते की जस्त? भांड्यांत काय शिजत किंवा साठत होते? आणि हे सगळे केव्हाचे? दातांना चारपैकी एकही प्रश्न लागत नव्हता, म्हणून दात तिथेच यादीतून गेले. माणसाचा अवशेष ‘बघू काय निघते ते’ म्हणून दळायचा नसतो. पुढे कधी कोणाला दात-हाडांचा खरा प्रश्न पडलाच, तर आधी ५ ते १० मिलिग्रॅम हाडाच्या भुकटीत नायट्रोजन मोजावा. तो ०.७ टक्क्याच्या बराच खाली असेल तर कोलॅजन (हाडातले प्रथिन) मिळण्याची आशा फारशी नसते, आणि विदर्भाच्या उष्ण मातीत हे वरचेवर घडते.

कालनिश्चितीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. अर्जदाराला लोखंडातल्या कार्बनवरूनच काळ काढायचा होता. हे करता येते. एएमएस पद्धतीला (यात कार्बनचे अणूच थेट मोजतात) साधारण १ मिलिग्रॅम कार्बन पुरतो. पण ०.५ टक्के कार्बनच्या पोलादातून तो मिळवायला किमान २०० मिलिग्रॅम धातू लागतो, आणि ०.०५ टक्क्याच्या मऊ लोखंडातून २ ग्रॅम. शिवाय त्या कार्बनचे वय म्हणजे भट्टीत जळालेल्या लाकडाचे वय. झाड दोनशे वर्षांचे असेल तर तेही त्यात मिसळले. जुने लोखंड तापवून-ठोकून पुन्हा घडवले असेल तर आणखी घोळ. एवढे सगळे मान्य केले तरी खरी अडचण पुढेच आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० या काळात रेडिओकार्बनचा अंशशोधन-वक्र (मोजलेले वय कॅलेंडरच्या वर्षांत बदलून देणारा आलेख) जवळजवळ सपाट आहे. विदर्भातल्या महापाषाणीय लोखंडाचा मोठा भाग याच पट्ट्यात येतो. प्रयोगशाळेने कितीही नेमके मोजले, तरी कॅलेंडरच्या वर्षांत उत्तर तीन-साडेतीन शतकांइतके रुंद येते. वस्तू त्याच काळातली आहे हे तिच्या घाटावरून आणि सोबतच्या काळ्या-तांबड्या खापरांवरून आधीच माहीत होते. माहीत असलेले उत्तर परत ऐकण्यासाठी दोन ग्रॅम धातू द्यायचा का? समितीने नाही म्हटले. तो नकार जितका नैतिक तितकाच शास्त्रीय होता.

कोळशाची पुडी देण्यात वरवर काही हरकत दिसत नव्हती, कोळसा हा तसाही तुकड्या-तुकड्यांतच असतो. पण पुडीवर ‘वर्तुळाच्या भरावातून’ एवढेच लिहिलेले. काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचे बारीकसारीक त्यांतून खाली जाते आणि पावसात भेग मिटते. भरावातला सुटा कोळसा वर्तुळाच्या काळातलाच आहे हे पुडी सांगू शकत नव्हती. तेव्हा आधी सूक्ष्मदर्शकाखाली लाकूड ओळखायचे, बारीक फांदी किंवा बी निघाले तर तेवढेच पाठवायचे, नाही तर पुडी बंदच ठेवायची, असे ठरले.

आधी जुने नमुने

कापण्याची चर्चा सुरू होण्याआधी अभिरक्षकांनी कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडला. आमच्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची हालचाल हीच. खणात तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात कापसात गुंडाळलेल्या बेकेलाइटच्या (एका कडक प्लास्टिकच्या) तीन काळ्या चकत्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या. प्रत्येकीच्या पाठीवर सुईने कोरलेला नोंदणी क्रमांक, आणि पुढच्या गुळगुळीत तोंडावर, मध्यभागी, नखाएवढा राखाडी त्रिकोण, म्हणजे कापलेल्या धातूचा तुकडा. कडेने त्याला तांबूस धुरकटपणा आलेला. काही दशकांपूर्वी कोणी तरी याच संग्रहातल्या वस्तू कापून अभ्यासल्या होत्या, आणि चालू नोंदवहीत त्याचा उल्लेख नव्हता.

चकत्यांचे तोंड १२०० नंबरच्या पेपरवर जेमतेम घासून, ३ आणि १ मायक्रॉनच्या हिरा-पेस्टवर पुन्हा झळाळी आणली. तिन्हींपैकी दोन वापरता आल्या. तिसरीतला धातू गंजून चकतीतच फुगला होता. बेकेलाइटबद्दल एक सावधगिरी हवी. ते सुमारे १५० अंश सेल्सिअसला दाबाखाली बसवतात, तेवढ्या उष्णतेने पाणी पाजलेल्या पोलादाची कठिणता किंचित उतरू शकते. म्हणून अशा चकतीवरचा कठिणतेचा आकडा नव्या नमुन्याच्या आकड्याशेजारी बिनशर्त मांडू नये. सूक्ष्मरचना मात्र वाचता येते. दोन वस्तूंचे उत्तर एकही नवा ओरखडा न उठवता मिळाले.

मग एक्स-रे. लोखंडाच्या गंजाखाली धातू उरला आहे का, हे बाहेरून कळत नाही. बरेच जण चुंबक लावून बघतात. चुंबक चिकटला म्हणजे धातू आहे असे नाही, गंजातला मॅग्नेटाइटही चुंबकाला ओढतो. गंजलेल्या कुऱ्हाडीच्या जाडीतून आरपार जायला जास्त ताकदीचे एक्स-रे लागतात, दवाखान्यातले यंत्र अशा वेळी अपुरे पडू शकते. वेल्डिंग तपासणाऱ्यांकडची औद्योगिक रेडिओग्राफी कामाला येते. वस्तू संग्रहाबाहेर जाणार असल्याने लेखी हुकूम, विमा, फोममध्ये वस्तूच्या आकाराची खाच कापलेला खोका आणि सोबत संग्रहाचा माणूस, हे सगळे केले. खापरे मात्र त्या गाडीत चढवली नाहीत. उद्या कोणाला त्यांचा उष्मादीप्तीने (भाजल्यापासून साठलेली किरणोत्साराची मात्रा तापवून मोजून) काळ काढायचा असेल तर एक्स-रेची मात्रा त्यांच्यात कायमची जमा झालेली असेल.

१२ पैकी ५ वस्तूंत धातू उरलाच नव्हता. त्या कापून सूक्ष्मरचनेचे काही मिळणार नव्हते. हवे तर पिशवीच्या तळाशी सुटून पडलेले गंजाचे पापुद्रे बघावेत, त्यांत कधी कधी जुन्या पर्लाइटच्या (पोलादातल्या कार्बनयुक्त, पट्टेदार रचनेच्या) पट्ट्यांची छाया टिकून असते. उरल्या ७. दोघींची उत्तरे डब्यातल्या चकत्यांनी दिली होती. एकीच्या नोंदीत फक्त ‘नागपूर जिल्हा’ होते. अशा वस्तूवर करवत चालवायला हात लवकर धजावतो, ‘तिचा संदर्भ नाहीच, तर कापू’. उलट बघावे: संदर्भ नसलेल्या वस्तूचा निकाल कुठल्या गावात, कुठल्या वर्तुळात, कुठल्या काळात बसवणार? आणि सरावासाठी तर नाहीच नाही. सरावाला कबाड्याकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचा तुकडा आणावा, दहा वेळा कापावा. राहिलेल्या चारांत घोड्याच्या लगामाची कडी होती, संग्रहात एकुलती एक आणि अखंड. ती वगळली. दोन कुऱ्हाडी आणि एक छिन्नी राहिली.

काप

धारेचा प्रश्न असल्याने काप धारेवरच घ्यावा लागतो; सोयीचा म्हणून मागच्या टोकाचा तुकडा घेतला तर पोलाद असूनही ‘मऊ लोखंड’ असा निकाल येतो. दोन्ही कुऱ्हाडींत धारेच्या लांबीच्या साधारण एक-तृतीयांशावर, एक्स-रेत धातू दाट दिसला तिथे, पाचरीसारखा काप आखला: धारेपाशी ४ मिलिमीटर रुंद, आत १२ मिलिमीटर, टोकाला निमुळता. आत एवढे जायचे कारण, धारेपासून पोटापर्यंत कार्बन कसा उतरतो ते एकाच कापात दिसावे, दुसऱ्याची गरज पडू नये. ‘कमीत कमी घ्या’ हा सल्ला सगळे देतात, तो अर्धवट आहे. ३ मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्यात फक्त गंज आणि चिमूटभर धातू आला तर वस्तू तुटली ती तुटलीच, हाती शून्य. प्रश्नाला पुरेल एवढे घ्यावे, त्याहून गुंजभरही नको.

कापाआधी सर्व बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रे, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन, बाह्यरेखेचे चित्र आणि त्रिमितीय छायाचित्रण झाले. सिलिकॉनचा साचा घ्यायचा मोह टाळला, गंजलेल्या लोखंडावरून तो उचलताना पापुद्रे सोबत येतात.

करवत सोनाराची, हाताने. अल्कोहोलचा थेंब-थेंब सोडत, काप बोटाला कोमट लागला की थांबत. खोलीत ज्योत, हीटर काही नाही. पाण्याने थंड केले नाही, कारण गंजाखाली क्लोराइड असते आणि पाणी त्याला जागवते. विजेवर फिरणारी घासचकती तर या कामाला वर्ज्य. ठिणगी उडते तिथले तापमान पाणी पाजलेल्या पोलादाची रचनाच बदलून टाकते, मग सूक्ष्मदर्शकाखाली आपण प्राचीन लोहाराचे काम बघत नसतो, आपलेच बघत असतो. दुसऱ्या कुऱ्हाडीवर करवत पहिल्या दोन मिलिमीटरांत नुसती घसरत राहिली. हीसुद्धा माहिती आहे, ती वेळेसह टिपली. मग कमी वेगाच्या हिरा-पात्याने काप पूर्ण केला. खाली पांढऱ्या कागदावर पडलेला भुगा जपून ठेवला, पण रासायनिक मोजणीसाठी नव्हे: सोनाराच्या करवतीचे पाते पोलादी असते, हिरा-पात्याचा बंध बहुधा कांस्याचा, दोन्ही भुग्यात उतरतात.

पाचर सुटताच तिच्या एका बाजूला खूण केली. धार कुठली, उजवी बाजू कुठली हे विसरले तर पुढचे सगळे वाचन डोळे बांधून होते. थंड जमणाऱ्या इपॉक्सीत बसवून २४०, ४००, ६००, ८००, १२०० आणि मग ६, ३, १ मायक्रॉन. इथे घाई करणारे थेट आम्लाकडे वळतात. आधी आम्ल न लावताच बघायचे, मळीचे (लोखंड गाळताना आत अडकलेल्या काचेसारख्या कचऱ्याचे) अंश तेव्हाच स्वच्छ दिसतात आणि भट्टीत काय घडले ते तेच सांगतात. त्यांची मोजणी, छायाचित्रे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घटक झाले की मग २ टक्के नायटल (९८ मिलिलिटर इथेनॉलमध्ये २ मिलिलिटर नायट्रिक आम्ल, आम्ल इथेनॉलमध्ये सावकाश सोडायचे, बाटली घट्ट बंद करून ठेवायची नाही), ५ ते १५ सेकंद. पहिल्या कुऱ्हाडीत धारेपाशी पर्लाइटची दाटी, आत जाता जाता विरळ होत मऊ फेराइट, म्हणजे जवळजवळ कार्बन नसलेले लोखंड. दुसरीत, जिथे करवत घसरली होती तिथे, मार्टेन्साइटच्या (पाणी पाजल्यावर होणाऱ्या कडक रचनेच्या) सुया आणि ५०० विकर्सच्या वरची कठिणता. पोटात जेमतेम १२०. पहिलीच्या लोहाराने धार पोलादी केली होती, दुसरीच्याने तिला पाणीही पाजले होते.

छिन्नीत मात्र हात पोळले. एक्स-रेत धातू दिसला होता, पण तो एकाच दिशेने घेतलेला होता. धातूचा गाभा जाडीच्या एका अंगाला सरकलेला, आणि काप दुसऱ्या अंगातून गेला. चकतीत आला तो जवळजवळ सगळा गंज. नव्वद अंशांवर दुसरा एक्स-रे घेतला असता तर हे टळले असते, खर्च एका फिल्मचा. अर्जदाराने लगेच दुसऱ्या कापाची परवानगी मागितली. समितीने दिली नाही. चुकीच्या कापाची भरपाई नव्या कापाने करायची सवय लागली की वस्तू हळूहळू संपते.

दुसरी चूक हंगामाची. काप जूनच्या शेवटी झाला. खाच भरायला (पॅरालॉइड बी-७२ ही राळ, काचेचे सूक्ष्म फुगे आणि मातीचे रंग; पुन्हा ॲसिटोनने काढता येईल असे) दोन आठवडे लागले, तेवढ्यात पाऊस जमला. पहिल्या कुऱ्हाडीच्या ताज्या कापावर मोहरीएवढे नारिंगी ठिपके उठले. गंजाखालच्या क्लोराइडला ओलावा आणि उघडा धातू एकदम मिळाला होता. डब्यात सिलिका जेल होते, पण दर्शक रंग केव्हाच उतरलेला. ठिपके सूक्ष्मदर्शकाखाली कोरडेच खरवडले, जेल ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर तीन तास सुकवून घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यात भरले आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली उतरवली; तिथे हा गंज जवळजवळ थांबतो. नागपुरात एप्रिल-मेची हवा फुकट कोरडी मिळते. लोखंडाचा काप तेव्हाच घ्यावा आणि खाच त्याच दिवशी बंद करावी.

तांबे आणि खापरांचे थोडक्यात. हातात धरायच्या एक्सआरएफ (एक्स-रेने घटक मोजणाऱ्या) यंत्राने अलंकारांत कथिलाचे प्रमाण भरमसाट दाखवले होते. ते पृष्ठभागाचे वाचन होते. गंजताना तांबे निघून जाते, कथील मागे राहते. जाड वस्तूत ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने पहिला मिलिमीटर टाकून पुढची १५-२० मिलिग्रॅम भुकटी घेता येते. इथे पत्राच मिलिमीटरहून पातळ, म्हणून ड्रिल बाद. सहांपैकी दोघांचे सुटलेले कण पिशवीत होते, मोडलेल्या कडेला तंतोतंत बसणारे. तेवढेच घेतले, आडवा छेद करून आतला न गंजलेला पट्टा मोजला. खापरांत १० पैकी ६ गेली: धुऊन घासलेली, क्रमांकाखाली नेलपॉलिश, दोन डिंकाने जोडलेली. चारांतून २-२ ग्रॅम, वरचा मिलिमीटर खरवडून टाकून, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये. प्लास्टिकची पिशवी थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारे रसायन) सोडते. त्यांच्यासोबत भांडे नसलेल्या भाजक्या मातीचा एक तुकडा तुलनेसाठी. एका खापरात स्क्वालीन निघाले. ते बोटांच्या त्वचेतले, भांड्यातले नाही, आणि अहवालात तसेच लिहिले.

कराराचे कलम एक पानाचे, पण प्रत्येक ओळ पाळायची: उरलेली भुकटी, चकत्या, छेद सगळे संग्रहात परत, क्रमांक मूळ वस्तूचाच, त्यापुढे फक्त अ, आ; फसलेला निकालही फाइलला. परदेशी प्रयोगशाळेचा विषय निघाला तेव्हा उत्तर सरळ होते. १९७२च्या पुरावशेष कायद्याने पुरावशेष देशाबाहेर नेण्यावर बंधन आहे, आणि कापलेला तुकडा हा वस्तूचाच भाग धरून चालावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीशिवाय पाकीट टपालात पडत नाही. इथे त्याची गरजही नव्हती. धातुशास्त्राची प्रयोगशाळा नागपुरातच आहे, एएमएस दिल्ली आणि अहमदाबादेत.

३१ पैकी घेतले गेले ३ काप, २ सुटे कण, ४ खापरे. तंबाखूचा डबा आता खालच्या खणात नाही. त्यातल्या तीन आणि नव्या तीन चकत्या एकाच कोरड्या डब्यात आहेत, प्रत्येकीसोबत कापाची जागा दाखवणारे छायाचित्र. छिन्नीच्या नोंदीपुढे लाल शाईत लिहिले आहे: ‘काप झाला, धातू आला नाही. दुसऱ्या दिशेचा एक्स-रे जोडला आहे. नवा काप मागणाऱ्याने आधी तो बघावा.’